कापडी पानांचं तोरण

दसरा आला की आवारातल्या आंब्याच्या हाताशी येणाऱ्या फांद्या मुलं पार ओरबाडून काढायची. तोरण मात्र संध्याकाळपर्यंत सुकायचं. म्हणून गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात कापडी पानं केली. तेच तोरण पाडव्यालाही लावलं.

शिंप्याकडे मागितलं की हिरवी कात्रणं मिळतात. सुती घ्या, सॅटिन मुलांच्या हातून घसरतं. कागद उभा दुमडून अर्धं पान काढा, कापा. उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. (सममिती शिकवायला फळ्यापेक्षा हे बरं.) पान १७ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद. दोन कापडांच्या मधे बकरम घालायचंच. आमची पहिली सहा पानं त्याशिवाय केली, ती नुसती लोंबत राहिली. कडेने धावदोरा, मधली शीर पिवळ्या दोऱ्याने. वरचा २ सेंमी भाग सुतळीवर दुमडून शिवा.

खरी गंमत मापात आली. दार ९० सेंमी, पानं ११, दोन पानांत अंतर ३ सेंमी. मुलांनी अंतरंही ११ धरली. एका मुलीने पानं बाकावर मांडून बोटाने मोजली, तेव्हा १० पटली. ५५ अधिक ३०, म्हणजे ८५ सेंमी.

सुई मुलग्यांच्याही हातात द्या. "पोराला शिवण कशाला?" असं एका पालकांनी विचारलं होतं. आठवड्याने त्या पोराने वडिलांच्याच शर्टाचं बटण लावलं.

सण झाल्यावर तोरण सैल गुंडाळून ठेवा. घडी घातली तर बकरमला मोड पडते आणि ती पुन्हा जात नाही.