जामीन झाला, गोळ्या कुठून आणायच्या?

राज्यातल्या एका कारागृहाबाहेर मी संध्याकाळी उभा होतो. मोठ्या दरवाजातलं छोटं दार उघडलं आणि तिशीतला एक माणूस वाकून बाहेर आला. समोरच्या चहाच्या टपरीवर त्यानं हातातली कॅरीबॅग बाकावर रिकामी केली. काही आत राहिलं तर नाही ना, हे त्याला बघायचं होतं. एक टॉवेल, कोर्टाच्या तारखांचे घड्या पडलेले कागद, भावाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि टीबीच्या गोळ्यांचा एक पत्ता. त्या पत्त्यात २८ गोळ्या असतात. याच्या पत्त्यात १२ उरल्या होत्या आणि त्याच्या वजनाला रोज चार लागत होत्या. म्हणजे तीन दिवसांची सोय. गाव जालना जिल्ह्यात. पुढच्या गोळ्या कुठून घेणार, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘जामीन आत्ता चारला झाला, दादा. डॉक्टर दुपारीच गेलेले.’’ सुरात तक्रार नव्हती. घरी जायला मिळतंय, यातच तो खूश होता.

त्याच्या या एका वाक्यात सगळी अडचण आली. आपल्याकडे सुटका ठरवतं न्यायालय, पार पाडतं कारागृह आणि आजाराची नोंद असते तिसऱ्याच खात्याकडे. २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते आणि दर चारांतले तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. शिक्षा भोगणाऱ्याच्या सुटकेची तारीख आधीपासून माहीत असते. कच्च्या कैद्याची सुटका मात्र एखाद्या दुपारी, जामिनाच्या आदेशावर सही होते तेव्हा ठरते. जामीनदार उभा राहिला, आदेश वेळेत पोहोचला तर त्याच संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. या धावपळीत त्याच्या केसपेपरची आठवण कुणाला होणार? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला, काही अपवाद सोडता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनाची वाट मोकळी होते. ही तरतूद चांगलीच आहे. पण तिच्यामुळे बाहेर येणाऱ्यांत आजारी माणसंही असणार, हे धरून चालायला हवं.

गर्दीच्या बराकीत टीबी लवकर पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तुरुंगातल्या माणसाला टीबी होण्याचं प्रमाण बाहेरच्याच्या सुमारे दहापट आहे. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि आपण बरे झालो असं माणसाला वाटू लागतं. नेमका इथे खंड पडला तर आजार उलटतो आणि औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. मग भोगावं लागतं घरातल्यांनाही, कारण तो त्यांच्यासोबत एकाच खोलीत झोपतो. एचआयव्हीच्या एआरटी गोळ्यांचं तेच. फिट येणाऱ्याची औषधं एकदम बंद झाली तर फिट एसटीतच येऊ शकते. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण गोळ्यांविना काही आठवडे बरा दिसतो, मग झोप उडते, संशय वाढतो आणि घरचे म्हणतात, ‘‘जेलमधून आला आणि बिघडला.’’ खरं तर तो आत असताना सावरलेला असतो.

पण सगळ्यात कमी बोललं जातं ते गर्दच्या व्यसनाबद्दल. काही महिने आत काढल्यावर शरीराची सवय सुटलेली असते. बाहेर आल्यावर जुने मित्र भेटतात आणि हात जुन्याच मात्रेकडे जातो. शरीर ती मात्रा आता पेलू शकत नाही. श्वास मंदावतो आणि थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता आणि सर्वांत मोठं कारण होतं मादक द्रव्यांची जादा मात्रा. तिथली परिस्थिती जशीच्या तशी आपल्याला लागू होणार नाही. पण पहिला पंधरवडा सगळ्यात नाजूक असतो, हे शरीराचं गणित आहे. ते वॉशिंग्टन राज्यात आणि मुंबईच्या शिवडीत वेगळं नसतं.

पुण्यातल्या येरवड्यात गेलं की मला हे फार जाणवतं. तिथे १८७१ साली बांधलेलं मध्यवर्ती कारागृह आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय तिथेच आहे. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही येरवड्यातच. एका उपनगरात तुरुंग, मनाच्या आजारांचं रुग्णालय आणि व्यसनमुक्ती केंद्र. अंतरं फारशी नाहीत. तरीही दारातून बाहेर पडलेल्या माणसाला यातलं कुठलंही दार आपोआप उघडत नाही. त्याला ते शोधावं लागतं, आणि शोधण्याच्या स्थितीत तो बहुतेकदा नसतोच.

कागदावर पाहिलं तर तजवीज बरीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांत नियम २४ स्वच्छ सांगतो, की तुरुंगातली आरोग्यसेवा बाहेरच्या सार्वजनिक आरोग्यसेवेशी जोडलेली असावी आणि एचआयव्ही, टीबी, व्यसनाधीनता यांचे उपचार अखंड चालू राहावेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९८ मनोरुग्णालयातून घरी सोडताना पुढच्या उपचारांची आखणी करायला सांगतं. मग तुरुंगातून घरी सोडताना ती का नको? टीबीच्या प्रत्येक रुग्णाला नि-क्षय पोर्टलवर क्रमांक मिळतो आणि त्याच्या नावावरचे उपचार एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतात. जालन्याच्या त्या माणसाचा क्रमांक वर्ग करायला संगणकासमोरची थोडी मिनिटं पुरली असती. नि-क्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपयेही गावी मिळाले असते, फक्त बँक खातं हवं. आणि इथे पुढची गाठ बसते. आधार कार्ड कुठे तर अटकेच्या वेळी घेतलेल्या सामानात, नाहीतर तोवर सोडून दिलेल्या भाड्याच्या खोलीत. आधार नसलं की खातं अडतं, दवाखान्यातल्या योजनेचा अर्जही अडतो.

एक गोष्ट मात्र जपून करायला हवी. ‘घरी फोन करून सांगून टाका’ हा सोपा वाटणारा उपाय एचआयव्हीबाधित माणसाचं घर तोडू शकतो. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिला आहे तो याचसाठी. म्हणून कुणाला सांगायचं, कुठल्या दवाखान्यात जायचं, हे त्या माणसाला विचारून आधीच लिहून ठेवायला हवं. हे विचारायची वेळ सुटकेची नव्हे. आत आल्यावर पहिल्या दिवशी वैद्यकीय तपासणी होतेच. त्याच कागदावर घराजवळचं केंद्र, विश्वासातल्या माणसाचा नंबर आणि चालू औषधं यांची नोंद झाली, की जामीन कधीही होवो, तयारी झालेली असेल. सोबत महिनाभराच्या गोळ्यांची पुडी सुटकेच्या टेबलावरच द्यावी, जिथे कैद्याचं घड्याळ आणि पैसे परत देतात तिथे.

तरीही केवळ कागद आणि गोळ्यांनी हे भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. लागतो तो माणूस. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्झिशन्स क्लिनिकनं एक शहाणपणाची गोष्ट केली. आरोग्यसेवक म्हणून त्यांनी स्वतः तुरुंग भोगलेली माणसं नेमली. सुटलेल्या माणसाला दवाखान्यात हाताला धरून नेणारा, रांगेत सोबत बसणारा, ‘मीही तिथूनच आलोय’ असं म्हणू शकणारा कुणीतरी. आपल्याकडेही टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटलेल्या माणसांसोबत समाजकार्यकर्त्यांमार्फत काम करतो आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक तुरुंगात जातातच. गावात आशा ताई आहेत. या साखळीतली कडी जोडायला नवी इमारत लागत नाही. प्रत्येक मध्यवर्ती कारागृहासाठी दोन-तीन पगारी माणसं नेमावीत आणि सुटकेनंतरचा पहिला महिना हेच त्यांचं काम असावं, एवढं सरकारनं केलं तरी चित्र पालटेल.

तोवर थोडं आपल्या हातात आहे. शेजारी, नात्यात कुणी तुरुंगातून परत आलं असेल तर ‘केस काय झाली’ या प्रश्नाआधी ‘औषधं कुठली चालू होती’ हे विचारा. माणूस मनानं बिघडतोय असं वाटलं तर टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, एचआयव्हीसाठी १०९७, टीबीसाठी १८००-११-६६६६ आणि कागदपत्रांच्या अडचणीसाठी विधी सेवेचा १५१००. चारही नंबर मोफत आहेत, आणि आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.