बिऱ्हाड केले, आता शहर पाहा

शेती पोटाला पुरत नाही, म्हणून कुणी कारखान्यात लागतो. कुणाची मुलगी कॉलेजात जाते, म्हणून आई तिच्यासाठी खोली घेऊन राहते. अशा कारणांनी खेड्यातली पुष्कळ माणसे शहरात बिऱ्हाड करतात. खोली कुठे मिळेल, रेशनकार्डाचे काय करावे, हे सांगणारा कुणीतरी भेटतो. पण काम सुटल्यावर उरलेल्या वेळात काय करावे, हे कुणी सांगत नाही.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण तशी नाही. कारखाना आणि खोली एवढेच ज्याला ठाऊक, त्याला शहर खायला उठते. दर आठवड्याला तो गावची एस. टी. धरतो. पैसा भाड्यात जातो, खाडे पडतात आणि एक दिवस हातचे काम जाते. कुणी एकटेपणा घालवायला गुत्त्याची वाट धरतो. असे गडी आम्ही पाहिले आहेत. तेव्हा शहराची ओळख कशी करून घ्यावी, ते पाहू. उदाहरणाला आम्ही कोल्हापूर घेतले आहे. जत, सांगोला, मंगळवेढा या कोरड्या भागांतून पुष्कळ लोक कामासाठी इकडे येतात.

पहिली अडचण जेवणाची. भाकरी इथेही आहे, तेव्हा घाबरू नका. पण तिच्याबरोबर दोन वाट्या येतात. एकीत तांबडा रस्सा, दुसरीत पांढरा. मंगळवेढ्याकडच्या एक बाई आम्हाला हसत म्हणाल्या, "अवो, पांढरा रस्सा बघून मला वाटलं, ताकाची कढीच हाय!" तशी ती कढी नव्हे. मटण शिजवलेले पाणी, नारळाचे दूध, खसखस आणि खडा मसाला यांचा तो रस्सा असतो. त्यात लाल तिखट नसते, म्हणून तो पांढरा. तांबड्याने जीभ पोळली की पांढरा प्यावा.

मिसळीचे तसेच. मटकीची उसळ, वर फरसाण, त्यावर तिखट कट, आणि सोबत पावाच्या चकत्या. पहिल्या वेळी कट वेगळा मागून घ्या.

पण रोज बाहेर खाणे परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. उन्हाळ्यात इथे घरोघर वर्षाची चटणी करतात. मिरची, कांदा, लसूण, खोबरे, धने, तीळ असा तिचा मसाला. कांडपावर बायकांची गर्दी होते. नव्या बिऱ्हाडातल्या बाईने त्या दिवसांत शेजारणीला नुसते विचारावे, "मिरची कोणती घेतलीसा?" एवढ्या एका प्रश्नावर तासभर बोलणे होते. आणि पुढे अडीअडचणीला तीच शेजारीण धावून येते.

गंगावेशीतला दूध कट्टा तर खेड्यातल्या माणसाने पाहायलाच हवा. म्हैस रस्त्याकडेला उभी, आणि गवळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढतो. लोक फेसाळलेला पेला तिथेच तोंडाला लावतात. भर शहरात गोठ्याचा वास येतो, तेव्हा गावाकडच्या माणसाला बरे वाटते. मात्र आमचे सांगणे असे, की दूध घरी नेऊन उकळूनच प्या. कच्च्या दुधातून रोग होऊ शकतात. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर ते मुळीच देऊ नका.

आता तालमीकडे वळू. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत. तालमीतली माती नुसती माती नसते. तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. खासबागेचे कुस्तीचे मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधले. ते १९१२ साली सुरू झाले. १९०२ साली महाराज युरोपात गेले होते. तिथे रोम शहरातले जुने गोल मैदान त्यांच्या पाहण्यात आले. तसेच हेही गोल आहे. मध्ये आखाडा, आणि सभोवती चढत जाणारी बसायची जागा. म्हणून मागे बसलेल्यालाही कुस्ती नीट दिसते. हजारो माणसे बसली तरी कुणाचे डोके कुणाच्या आड येत नाही.

इथे नाव काढलेले कितीतरी मल्ल बाहेरगावचेच. श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंबा गावचे. कोल्हापुरात राहून ते तयार झाले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरात शिकले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. तेव्हा "आम्ही परगावचे, आम्हाला कोण विचारतो?" असे म्हणू नका.

"कला म्हणजे शिकलेल्यांचे काम," असे काहींना वाटते. ते खरे नाही. बाबुराव पेंटर हे कोल्हापूरच्या कारागिराच्या घरातले. सिनेमा काढायचा कॅमेरा त्यांनी कोल्हापुरातच स्वतः तयार केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' नावाचा सिनेमा काढला. आबालाल रहिमान हे दुसरे मोठे चित्रकार. रंकाळा तलाव, कोटितीर्थ अशा जागा त्यांनी रंगांत उतरवल्या. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. आधी चित्र पाहा, मग संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन पाणी पाहा. पाण्याचा रंग किती वेळा पालटतो, ते आपण एरवी बघतच नाही. चित्र पाहिले की डोळ्यांना ती सवय लागते. रंकाळ्याच्या काठावर बसायला पैसे पडत नाहीत, हेही आहेच.

त्याच संग्रहालयात एक लहानशी काशाची मूर्ती आहे. पंचगंगेजवळच्या ब्रह्मपुरी टेकडीवर खोदकाम झाले, तेव्हा ती सापडली. ती आपल्याकडच्या देवाची नाही. ग्रीक लोकांचा समुद्रदेव पोसायडन याची ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या देशांशी इथला व्यापार चाले, हे तिच्यावरून कळते. म्हणजे लांबून माल यावा, माणसे यावीत, हे या गावाला नवे नाही.

महाद्वाराच्या बाजूला चपलांची दुकाने आहेत. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि चांगली चप्पल कातड्याच्याच वादीने शिवतात. घाईने घेऊ नका. आधी दोनचार दुकानांत हातात घेऊन बघा.

सुट्टीच्या दिवशी पन्हाळगड. शहरापासून तो सुमारे २० किलोमीटर आहे. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. तेव्हा शिवाजी महाराज भर पावसाळ्यात रात्री इथूनच विशाळगडाकडे निसटले. ती हकिकत आपण सर्वांनी ऐकली आहे. पण शेतकऱ्याने गडावर अंबरखाना अवश्य पाहावा. धान्य साठवायच्या त्या प्रचंड कोठ्या. गंगा, यमुना, सरस्वती ही त्यांची नावे. भिंतींची जाडी बघा, छत बघा. घरच्या कणगीला ओल आणि घूस यांपासून जपणाऱ्या माणसाला, त्या कोठ्या बांधणाऱ्यांचे डोके कसे चालले असेल, ते चटकन उमगते.

जाताना भाकरी, चटणी आणि पाणी बरोबर घ्या. पावसाळ्यात वर धुके उतरते आणि दगड निसरडे होतात, तेव्हा मुलांना तटाच्या कडेला सोडू नका. आणि परतीची शेवटची एस. टी. किती वाजता सुटते, ते वर पोचल्याबरोबर कंडक्टरला विचारून ठेवा.