पाणंद आणि दूधभुकटी

मी कुठल्या विद्यापीठाचा संशोधक नव्हे. शासन निर्णय आणि जुने कायदे वाचत आलो, एवढीच माझी सामग्री. दुधाचा अभ्यास सुरू केला तेव्हा माझ्यासमोर कागदांचे दोन गठ्ठे झाले : एक निर्यातीचा, दुसरा शेतरस्त्यांचा. दोन्हींची खाती वेगळी. दूध मात्र तेच.

आधी निर्यात. 2023-24 मध्ये देशात सुमारे 23.9 कोटी टन दूध निघाले, जगातल्या उत्पादनाच्या जवळपास चौथा हिस्सा. त्या वर्षी दुग्धपदार्थांची निर्यात झाली जेमतेम 64 हजार टन. धोरणही धरसोडीचे. फेब्रुवारी 2011 मध्ये दूधभुकटीच्या निर्यातीवर बंदी आली, जून 2012 मध्ये ती उठली. 2018 साली भाव कोसळले, तेव्हा महाराष्ट्र शासनाने निर्यातीच्या भुकटीला किलोमागे 50 रुपये अनुदान जाहीर केले.

हे सारे उपाय किमतीचे झाले. दर्जाचा प्रश्न गोठ्यापाशीच सुरू होतो. धार काढलेले दूध सुमारे 37 अंशांचे असते. ते 4 अंशांपर्यंत थंड व्हायला जितका उशीर, तितके जंतू वाढतात. युरोपीय संघात गाईच्या कच्च्या दुधाला मिलिलिटरमागे 1 लाख जंतूंची मर्यादा आहे. दूध तापवले की जंतू मरतात. पण त्यांनी सोडलेली काही विकरे तापवूनही टिकतात आणि भुकटीत उतरतात.

आता रस्ते. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात 500 लोकसंख्येच्या वस्तीचा निकष धरला. पश्चिम महाराष्ट्रातले कित्येक गोठे मळ्यातल्या चार घरांपाशी असतात. ती घरे या मोजणीत बसत नाहीत. त्यांची वाट म्हणजे पाणंद : दोन्ही बाजूंनी कोरलेली, पावसाळ्यात चिखलाची. अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारांना दिलेला आहे. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने शेत-पाणंद रस्ते हाती घेतले, तेही रोजगार हमीच्या जोडीने.

चिखलात मोटारसायकल रुतली की कॅन संकलन केंद्रावर उशिरा पोचतो. दूध नासले तर परत येते, आणि तो तोटा एकट्या शेतकऱ्याचा. भुकटीचे अनुदान कारखान्याच्या दारात पोचते, त्याला पाणंद ओलांडावी लागत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कोणती पाणंद आधी पक्की करायची हे ठरवताना तहसीलदारांच्या टेबलावर दूध संकलन केंद्रांचा नकाशाही असावा.