बेत एका दिवसाचा

आमच्या घरात प्रवासाला निघणे म्हणजे पाच माणसे, तीन पिशव्या, एक दशम्यांचा डबा आणि स्टँडवर पोचल्यावर "गॅस बंद केलास ना?" हा प्रश्न. बेळगावहून कोल्हापूर जेमतेम एकशे दहा किलोमीटर, पण लहानपणापासून मी तिथे सात-आठ वेळा गेले असेन आणि कोल्हापूर म्हणून जे पाहिले ते एवढेच: अंबाबाईची रांग, ओटीचे दुकान आणि परतीची गाडी. आईने तर लग्नाआधीपासून इतकेच पाहिले आहे. म्हणून "मी एकटी एक दिवस कोल्हापूरला जाऊन येते" असे जेव्हा मी घरात म्हटले, तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. आमच्याकडे वर्तमानपत्र सहसा खाली ठेवले जात नाही.

जायचे कारण अभ्यासातले होते. इतिहासाच्या तासाला आमच्या सरांनी सांगितले, की कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सातवाहनकालीन वस्तीच्या अवशेषांबरोबर ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, छोटी ब्राँझची मूर्ती सापडली. 1945-46 साली ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्या टेकडीत उत्खनन केले. मूर्ती रोमन व्यापाराबरोबर आली असावी. ती टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आली. घाट उतरल्यावाचून जिथून समुद्र दिसत नाही, त्या गावात हा समुद्राचा देव दोन हजार वर्षांपूर्वी कुणी आणला, कशासाठी आणला? मला ती मूर्ती पाहायचीच होती.

पहिल्या वर्षाला असताना आम्ही सहा मैत्रिणी हौसेने गेलोही होतो. बेत कुणीच आखला नव्हता. "जाऊ, मग बघू" एवढाच ठराव. गेलो तो वार निघाला सोमवार, आणि सोमवारी संग्रहालय बंद. उरलेला दिवस जेवायला कुठे जायचे यावर वाद घालण्यात गेला. सहा जणींची सहा मते, आणि भूक मात्र सगळ्यांना एकाच वेळी! त्या दिवशी परतताना तवंदी घाटात मी ठरवले, की पुढच्या वेळी एकटी येईन आणि वही घेऊन येईन.

वाचकहो, ही वही हाच या लेखाचा विषय आहे. एक दिवस एकट्याने शहरात घालवायचा तर आखणी कशी करावी, आणि त्या आखणीतच प्रवासाची निम्मी मौज कशी वसूल होते, हे मला सांगायचे आहे.

आरंभ करावा तो वारापासून, आणि जमेल तो वार शोधण्यापेक्षा न जमणारे वार खोडावेत. सोमवार संग्रहालयाने खोडला. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. दर्शनाच्या रांगेत दुपार जाते. शनिवार-रविवारी सगळा पुणे जिल्हा कोल्हापुरात मिसळ खायला येतो असे माझे मत आहे. उरले बुधवार आणि गुरुवार. बुधवारी माझ्या विषयाची चाचणी असते, म्हणून गुरुवार. त्या दिवशी कॉलेजचे दोन तास बुडतील. हे वाक्य प्राध्यापकांनी वाचले नाही असे समजावे.

मग महिना. इथे आई मधे आली. ती म्हणाली, "रंकाळ्यावर सूर्य मावळताना म्हणे फार चांगले दिसते. मी काही पाहिले नाही. तू बघून ये आणि मला सांग." तोवर माझ्या बेतात रंकाळा नव्हताच. आणि बाबांची अट अशी, की रात्री साडेनऊच्या आत बेळगावच्या स्टँडवर उतरले पाहिजे. ते तिथे स्कूटर घेऊन उभे राहणार. परतीची गाडी अडीच-पावणेतीन तास घेते. म्हणजे साडेसहाला कोल्हापूर सोडायला हवे, आणि तत्पूर्वी रंकाळ्यावरून रिक्षाने स्टँडवर यायला अर्धा तास. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. हिशेब बसेना.

मी पंचांग काढले. माझी समजूत अशी, की सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या 21-22 तारखेला, तेव्हा सूर्यही त्याच दिवशी सर्वांत लवकर मावळणार. तसे नसते! आपल्या भागात सर्वांत लवकरचा सूर्यास्त येतो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्याच्या आसपास. डिसेंबरच्या बाविसाव्या तारखेपर्यंत तो सात-आठ मिनिटे पुढे सरकलेला असतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, म्हणून सूर्याची माध्यान्ह रोज घड्याळाच्या त्याच ठोक्याला येत नाही. डिसेंबरात ती दिवसेंदिवस उशिरा येत जाते, आणि तिच्याबरोबर सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही पुढे ढकलले जातात. भूगोलाच्या पुस्तकात हे असेलही, पण मला ते बाबांच्या साडेनऊच्या अटीमुळे कळले. नोव्हेंबरअखेर कोल्हापुरात सूर्य सहाच्या दोन-चार मिनिटे आधी मावळतो. बेत बसला. शिवाय 9 ते 11 नोव्हेंबरचा अंबाबाईचा किरणोत्सव तोवर होऊन गेलेला असतो, त्यामुळे ती गर्दीही नाही.

आता गाडी. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला प्रवासभाड्याचा हिशेब दोन सरकारांशी करावा लागतो. कर्नाटकाच्या शक्ती योजनेत 11 जून 2023 पासून राज्यातल्या बायकांना राज्यांतर्गत साध्या बसचा प्रवास मोफत आहे. आधार कार्ड तेवढे दाखवायचे. महाराष्ट्राच्या एस. टी.त 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे भाडे. दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपर्यंतच. म्हणून मी जाताना थेट गाडी न धरता निपाणीपर्यंत कर्नाटकाची बस घेणार, आणि तिथे एस. टी.त बसणार. वेळ अर्धा तास जास्त जाईल, पण वाचलेल्या पैशांत मिसळ होते. परतताना मात्र थेट गाडी. अंधारात निपाणीला उतरून दुसरी गाडी शोधायची नाही, ही आईची अट आणि ती रास्त आहे.

बसच्या बाबतीत एक पान "गाडीच नसेल तर" या मथळ्याचे ठेवावे लागते. माझा दुसरा बेत असाच बुडाला. 2025 च्या फेब्रुवारीत बेळगावात कंडक्टरला मारहाण झाली, भाषेवरून वातावरण तापले, आणि दोन राज्यांमधल्या बसगाड्या काही दिवस थांबल्या. वहीत सगळे तयार, डब्याची भाजीसुद्धा ठरलेली, आणि टीव्हीवर रिकामे स्टँड. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत तर पुरानेच या पट्ट्यातला महामार्ग बंद पाडला होता; पुराचा राग तरी कुणावर धरता येत नाही. तेव्हा पावसाळा नको, आणि निघण्याच्या आदल्या रात्री बातम्या ऐकल्याशिवाय पिशवी भरू नये.

फेब्रुवारीचा बेत बुडाला तेव्हा मला वाईट वाटले, पण वही हातात घेऊन बसले की संध्याकाळ कशी गेली ते कळत नसे. ठिकाणे कागदावर मांडायची, दोन ठिकाणांमधली पावले मोजायची, एक काढून दुसरे घालायचे. मोबाइलवरचा नकाशा मी पाहिला आणि मग तो हाताने उतरवून काढला, कारण उतरवल्याशिवाय गाव डोक्यात बसत नाही. मोबाइल "डावीकडे वळा" म्हणतो, वहीतला नकाशा विचारतो, "डावीकडे कशाला जातेस?"

सध्याचा नकाशा असा. स्टँडवरून चालत दसरा चौक, पुढे टाऊन हॉल. इथे पुरे दोन तास, आणि घाई नाही. तिथून शिवाजी चौकाकडे येताना चपलांची ओळ. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. तेव्हा चपला पाहायच्या, विकत घ्यायच्या नाहीत. मग भवानी मंडप, अंबाबाई. कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीने एक काम सांगितले आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांचे कितीतरी शिलालेख जुन्या कन्नडात आहेत. एखादा दिसला तर चार अक्षरे वहीत उतरवून आण, ती वाचून दाखवणार म्हणते. तिला जायला मिळत नाही. तिच्या घरी माझ्या घरापेक्षा मोठे वर्तमानपत्र येते. तिच्यासाठी अर्धा तास काढला आहे. पुढे शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेले खासबाग मैदान, आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, जे 2024 च्या ऑगस्टात आगीत जळाले. तिथे बाहेर पाच मिनिटे उभी राहीन. साडेचारला रंकाळा.

काय नाही तेही सांगते. नवा राजवाडा नाही. तो स्टँडच्या पलीकडे दुसऱ्या दिशेला आहे. पन्हाळा नाही. विद्यापीठातले खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय नाही, याची चुटपुट आहे. रंकाळा आत आला तेव्हा हे बाहेर गेले. सहा जणींच्या सहलीत कुणीच काही सोडत नाही, म्हणून कशालाच वेळ पुरत नाही. एकटीला सोडता येते, आणि सोडलेल्याचा जाब द्यावा लागत नाही.

एकटीने जेवणे हा मात्र कठीण विषय आहे. हॉटेलात एकट्या मुलीला कोपऱ्यातले टेबल देतात आणि पाण्याचा ग्लास जरा जोरात ठेवतात. मी मिसळ सकाळी नऊला खाणार, त्या वेळी कामावर जाणारी सगळीच माणसे एकटी असतात. दुपारी आईच्या दशम्या, बाकावर बसून.

वहीच्या शेवटच्या पानावर दोन फोन नंबर, सुटे पैसे किती, आणि बाबांना फोन करायच्या वेळा: निपाणी, कोल्हापूर, रंकाळा, गाडीत बसल्यावर. बाबांनी पान वाचले, पेन मागितले आणि "संकेश्वर" असे आणखी एक नाव घातले. मी ते खोडलेले नाही. येत्या गुरुवारी पहाटे साडेपाचला पहिला रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशी यायचा आहे, आणि काल रात्री आई सहज म्हणाल्यासारखी विचारून गेली, की रंकाळ्यावर बसायला बाक आहेत का, आणि ते पश्चिमेला तोंड करून आहेत का. ते वहीत नाही. पाहून येते.