वडोदरा : एका फेरात मावणारं शहर

नवरात्रात वडोदऱ्याला जायचं तर पोटात जागा आणि पायांत बळ राखून जावं. गायकवाडांचं हे शहर गुजरातची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवतं. ते मिरवणं किती खरं, हे राजवाड्यापेक्षा हातगाडीवर आणि गरब्याच्या मैदानात जास्त कळतं.

१७३४ मध्ये वडोदरा गायकवाडांच्या हाती आलं आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मधल्या दोनशे वर्षांत सरदार, कारकून, पुरोहित, शिक्षक अशी कितीतरी मराठी घराणी इथं स्थिरावली. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे त्यांच्या खुणा अजून दिसतात. या घरांतलं मराठी बोलणं गुजरातीचे हेलकावे घेतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

हा शेजार ताटातही उतरला. वडोदऱ्याची ओळख बनलेली सेव-उसळ मुळात आपल्याच स्वयंपाकघरातली. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, तिच्यावर लसणाची झणझणीत तरी, मूठभर शेव, कांदा, लिंबू आणि सोबत पाव. मिसळ खाणाऱ्याला ही चव अनोळखी नाही, पण ती मिसळही नाही. कीर्तिस्तंभाजवळच्या महाकाली सेव-उसळपाशी कॉलेजची पोरं, रिक्षावाले, दुकानदार, सगळे एकाच गर्दीत उभे असतात. तिखटानं नाक वाहू लागलं की सगळ्यांची भाषा एकच होते. घरी न्यायला बटाटा, हरभरा डाळ आणि हिरव्या मिरचीचा ओलसर ‘लीलो चेवडो’ घ्यावा.

नाचाची गोष्टही अशीच दुरून आलेली. १८८० मध्ये सयाजीराव तिसरे यांचा विवाह तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला. त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तकी-वादक दरबारात आले आणि गुजरातेत भरतनाट्यमनं मूळ धरलं. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली संगीतशाळा सुरू झाली. तिचाच वारसा महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्याची विद्याशाखा आज चालवते. मराठी राजा, तमिळ नृत्य, मुसलमान गवई आणि गुजराती प्रेक्षक अशी ही भट्टी जमली.

नवरात्रात या साऱ्याचा फेर होतो. इथला गरबा जुन्या वळणाचा. सारं मैदान एकच केंद्र मानून एकात एक वर्तुळं धरतं, मध्यभागी गायक-वादक असतात आणि रेकॉर्डपेक्षा जिवंत गाण्याला मान असतो. अतुल पुरोहितांसारख्या गायकाच्या आवाजावर हजारो लोक एकदम टाळी देऊन एकदम वळतात, तेव्हा नवख्यालाही ताल आपोआप सापडतो. विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेतला गरबाही नावाजलेला आहे. बंगाल, केरळ, महाराष्ट्रातून शिकायला आलेली मुलं गुजराती मुलांबरोबर तिथं फेर धरतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं गुजरातच्या गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

सगळंच गोड आहे असं नाही. मोठ्या मैदानांवर पास महाग झाले आहेत. ओळखपत्र तपासून अन्य धर्मीयांना प्रवेश नाकारावा, अशा मागण्याही गुजरातेत अलीकडे होतात. ज्या शहराच्या संगीतशाळेचा पाया मौलाबक्षांनी घातला, त्याला हे शोभत नाही. फेराला दार नसतं, मैदानाला असतं.

म्हणून पाहुण्यानं एक रात्र मोठ्या मैदानाला दिली, तर दुसरी जुन्या शहरातल्या शेरी गरब्यासाठी राखावी. गल्लीच्या मधोमध देवीची स्थापना असते, भोवती आजीपासून नातीपर्यंत सगळ्या फिरतात आणि आरतीनंतर प्रसाद सर्वांच्या हातावर पडतो. मुंबईहून रेल्वेनं वडोदरा सुमारे ३९० किलोमीटर. नवरात्रात गाड्या भरलेल्या असतात, तेव्हा आरक्षण आधीच करावं. सेव-उसळ मात्र नाचायच्या पुरेशी आधी खावी.