अँटिबायोटिकने मुलाला जुलाब लागले तर

मुलाला अँटिबायोटिक सुरू झालं आणि संडास पातळ झाली, की 'औषध गरम पडलं' म्हणत बाटली फळीवर जाते. पुन्हा दवाखाना म्हणजे रोजाचा खाडा, म्हणून विचारायलाही कुणी जात नाही. ताप उतरलेला दिसतो, पण आजार आत राहू शकतो.

हे औषध रोगाच्या जंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं. त्यामुळे पातळ होतं. औषध संपलं की बहुधा आपोआप थांबतं. तोवर अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही.

आशाताईंकडून ओआरएस घ्या. 1 लिटरची अख्खी पुडी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, 24 तासांत संपवा. दर जुलाबानंतर 2 वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, थोडं थोडं पाजा. अंगावरचं दूध चालू ठेवा. जेवणाऱ्या मुलाला पेज, मऊ वरणभात, केळं द्या; ताजं दही औषधानंतर 2 तासांनी. जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका.

संडासात रक्त, सारखी उलटी, खोल गेलेले डोळे, 6 तास लघवी नाही, मूल मलूल, अंगावर पित्त किंवा ओठांना सूज दिसली, तर पुढचा डोस न देता अष्टमीहून कुंडलिकेचा पूल ओलांडून थेट रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

एरवी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका आणि उरलेली बाटली धाकट्याला देऊ नका. खाडा भरून निघतो, बायांनो.