गहू सोसत नाही, म्हणजे नक्की काय?



मंडळाच्या गेल्या स्नेहभोजनात आमच्या टेबलावर आम्ही सहाजणी होतो. पोळ्यांचे ताट फिरले तेव्हा तिघींनी हात आडवा केला. "मला गहू सोसत नाही गं", "मी ग्लूटेन सोडलंय", "माझं पोट फुगतं". विचारले तेव्हा कळले की तिघींपैकी एकीनेही रक्त तपासून घेतलेले नव्हते. जेवताना पोटाच्या तक्रारींवर भाषण कोणाला आवडणार, म्हणून मी गप्प बसले. पण संपादकांनी या पानासाठी काही लिहा म्हटले, तेव्हा हाच विषय घ्यायचे ठरवले. मी डॉक्टर नाही, हिशेब तपासणे हा माझा पेशा. परंतु "गहू सोसत नाही" या एका वाक्यापायी आमच्या घरातली दोन वर्षे वाया गेली, आणि पैसे गेले ते वेगळेच.

आमची मुलगी तेव्हा १९ वर्षांची होती. युनिव्हर्सिटीतून टूनगॅबी स्टेशनवर उतरून घरी आली की थेट पलंगावर. पोट फुगायचे, केस गळायचे, हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या घेतल्या की थोडे वर जायचे, बंद केल्या की पुन्हा खाली. "आपल्याकडच्या मुलींचं रक्त कमीच असतं, माझंही होतं," असे मीच तिला म्हणत असे. या वाक्याची मला आज लाज वाटते.

मग ओळखीतल्या एकींनी एक ठिकाण सुचवले. तिथे केसांचा आणि रक्ताचा नमुना घेतला आणि ४०० डॉलरच्या वर पैसे घेतले. पंधरा दिवसांनी न सोसणाऱ्या पदार्थांची दोन पानी यादी आली. गहू, दूध, तूर, बदाम, टोमॅटो, इतकेच काय, तांदूळसुद्धा! वरणभातच गेला म्हटल्यावर राहिले काय? आम्ही त्यातला फक्त गहू बंद केला. दोन महिन्यांत तिला बरे वाटू लागले. आम्हाला वाटले, पैसे वसूल झाले.

वर्षभराने आमचे जी.पी. बदलले. नव्या डॉक्टरांनी सगळे ऐकून विचारले, "सीलियाकची तपासणी कधी केली होती?" केली नव्हती. त्यांनी रक्त तपासले. निकाल नॉर्मल. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच त्यांनी मुलीला विचारले, "गहू खातेस का?" ती म्हणाली, "वर्ष झालं, नाही खात." "मग या निकालाला काही अर्थ नाही," ते म्हणाले.

हीच गोष्ट मला त्या दिवशी टेबलावरच्या तिघींना सांगायची होती. सीलियाक म्हणजे ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातले लोह, कॅल्शियम तिथूनच शोषले जाते. हे अंकुर झिजून सपाट होतात आणि मग कितीही पालक आणि गोळ्या खा, अंगी लागत नाही. पुढे हाडे ठिसूळ होतात. रक्तातल्या तपासणीत या हल्ल्याच्या खुणा, म्हणजे विशिष्ट प्रतिपिंडे, मोजतात. ग्लूटेन बंद केले की हल्ला थांबतो, खुणा पुसल्या जातात आणि तपासणी फसते. चोर पळून गेल्यावर पंचनामा करण्यासारखे.

शेवटी मुलीला रोज चार स्लाइस पावाइतका गहू सहा आठवडे पुन्हा खावा लागला. ते सहा आठवडे मी विसरणार नाही. परीक्षा तोंडावर, आणि ती पोट धरून अभ्यास करतेय. "आई, आधीच तपासलं असतं तर?" असे तिने एकदाच विचारले. त्यानंतरचे रक्त स्पष्ट बोलले, वेस्टमीडला दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान पक्के झाले.

गव्हाचा हा संबंध प्रथम दाखवला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला आधीपासून शंका होती. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. आज ऑस्ट्रेलियात साधारण ७० माणसांमागे एकाला सीलियाक आहे असे मानतात आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतही नाही. भारतात तो उत्तरेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात अधिक आढळतो. आपण ज्वारी-बाजरी आणि भातावर वाढलेली माणसे, म्हणून तो आपला नव्हे असे आपल्याला वाटते. पण इथे सकाळी टोस्ट, दुपारी सँडविच, रात्री पोळी असे तिन्ही त्रिकाळ गहूच चालतो.

घरात एकाला निघाला की आईवडील, भावंडे, मुले यांनाही तो असण्याची शक्यता दहात एक इतकी असते. म्हणून माझेही रक्त तपासले. मी रोज पोळी खात होते, त्यामुळे निकाल खरा होता. सीलियाक नाही. पण गंमत अशी, की पोळी खाल्ल्यावर पोट तर माझेही फुगायचे!

आता माझी कथा. आईच्या घरी कांदेनवमी झाली की चातुर्मासभर कांदा-लसूण बंद. इथे चातुर्मास ऐन थंडीत येतो आणि कांद्याच्या गरम भज्यांची आठवण फार छळते, तरी ती प्रथा मी पाळत आले. दरवर्षी त्या चार महिन्यांत माझे पोट शहाण्यासारखे वागते हे माझ्या लक्षात आले होते. मी ते पुण्याच्या खात्यात जमा करत होते. खरे कारण मेलबर्नमध्ये सापडले.

मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ साली काही साखरसदृश पदार्थांच्या गटाला 'फॉडमॅप' हे नाव दिले. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान असते, राजमा-छोल्यांत त्याचेच एक भावंड. हे पचवणारे द्रव्य माणसाच्या आतड्यात नसतेच. ते तसेच मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढते, तिथले जंतू ते आंबवतात आणि वायू होतो. हे सगळ्यांचेच होते. मात्र ज्यांचे आतडे हळवे असते (इथले डॉक्टर त्याला आय.बी.एस. म्हणतात) त्यांना तोच वायू दुखतो. आतड्याला इजा काही होत नाही. याच मोनॅशच्या मंडळींनी २०१३ साली, गहू सोसत नाही म्हणणाऱ्या पण सीलियाक नसलेल्या ३७ जणांना आधी फॉडमॅप कमी असलेले जेवण दिले आणि मग नकळत शुद्ध ग्लूटेन खाऊ घातले. ग्लूटेनचा वेगळा त्रास असा दिसला नाही. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत दोष गव्हातल्या ग्लूटेनचा नसून फ्रुक्टानचा असावा.

एकाच घरात, एकच तक्रार, पण दुखणी दोन. मुलीला गव्हाचा कणही आयुष्यभर वर्ज्य. मला मात्र एक पोळी चालते, कांद्याच्या रश्श्याबरोबर तीन चालत नाहीत.

हा आहार करायचा तर आहारतज्ज्ञाच्या मदतीने करावा. दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करायचे, मग एकेक परत आणून पाहायचा, आणि सोसेल तितके पुन्हा खायचे. आपल्या लोकांची चूक होते ती दुसऱ्या पायरीवर. सोडलेले परत आणायचे राहूनच जाते. आतड्यातल्या चांगल्या जंतूंचे अन्न हेच आहे, त्यांना वर्षानुवर्षे उपाशी ठेवून भागत नाही. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तरी फोडणीला वास येतो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापरावा. कडधान्ये भिजवून ते पाणी टाकून द्यावे, जे आपल्या आज्या करतच होत्या.

दुधाचे थोडक्यात सांगते. आपल्यापैकी अनेकांचे दुधातली साखर पचवणारे द्रव्य वयाबरोबर कमी होते. चहापुरते दूध सहसा बाधत नाही, दही-ताक बरे सोसते, आणि लॅक्टोज-फ्री दुधात कॅल्शियम तेवढेच असते. ए-टू दुधात मात्र लॅक्टोज नेहमीइतकेच असते. सीलियाकमध्ये आतडे झिजल्याने दूध तात्पुरते सोसेनासे होते. आमच्या मुलीचे तसेच होते, आता ती बासुंदी खाते.

सीलियाकच्या स्वयंपाकघरात माझी सर्वांत मोठी फजिती हिंगाने केली. बाजारातल्या पुष्कळ हिंगाच्या डबीत गव्हाचे पीठ मिसळलेले असते. मी पोळी बंद केली आणि आमटीतून गहू घालत राहिले! रवा आणि शेवया म्हणजे गहूच, थालीपिठाच्या भाजणीत तो असतो. ज्वारीचे पीठ किंवा बेसन गव्हाच्याच गिरणीत दळलेले असू शकते, म्हणून वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून घेतानाही पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहिलेले पाहून घेते. टोस्टर दोन आहेत, पोळपाट-लाटणीही दोन.

आता पैशाचे. त्या दोन पानी यादीसाठी वापरलेल्या रक्ततपासणीत आय.जी.जी. प्रतिपिंडे मोजतात. ती फक्त तुम्ही तो पदार्थ खाता एवढेच सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲलर्जीतज्ज्ञांची संस्था, ॲसिया, ही तपासणी आणि केसांची तपासणी करू नका असेच सांगते. सीलियाकची रक्ततपासणी जी.पी.च्या चिठ्ठीवर मेडिकेअरमध्ये होते. दीर्घ आजार असेल तर जी.पी. योजना आखून देतात आणि त्यावर आहारतज्ज्ञ, फिजिओ वगैरे मिळून वर्षाला पाच भेटींना मेडिकेअरची सूट मिळते. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र मेडिकेअर नाही. त्यांच्या जुन्या पोटदुखीची तपासणी तिकडेच करून घेतलेली बरी.

शौचावाटे रक्त, कारण नसताना घटणारे वजन, पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बायकांत कमी झालेले लोह, यांपैकी काही असेल तर ओवा-हिंगाचे प्रयोग न करता डॉक्टर गाठा. ५० ते ७४ वयाच्या लोकांना आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचे किट सरकार दर दोन वर्षांनी घरी फुकट पाठवते, आणि जुलै २०२४पासून ४५ ते ४९ वयाच्या लोकांनाही ते मागवता येते. आमच्या ह्यांचे किट कपाटात आठ महिने पडून होते. वापरायला तीन मिनिटे लागली.

जाता जाता गणेशोत्सवाच्या स्वयंपाकसमितीला एक विनंती. उकडीचे मोदक तांदळाचे, म्हणजे आमच्या मुलीला चालणारे. पण मागच्या वर्षी पुऱ्यांच्या ताटातला चिमटा मोदकांना लागला आणि ती तशीच उठली. या वेळी मोदकांचे ताट वेगळ्या टेबलावर ठेवून त्याला वेगळा चिमटा द्याल का? चिमटा मी घेऊन येते.